पिंगुळीचे गुढीपूर : चित्रकथीची वाडी

मुंबई-गोवा महामार्गावरून कुडाळ मागे टाकून सावंतवाडीच्या दिशेने निघाले, की थोड्याच वेळात पिंगुळी हे गाव लागते. राऊळ महाराजांच्या मठामुळे भाविकांना ते परिचित आहे. मालवणचा किनारा आणि किल्ले सिंधुदुर्ग पाहून गोव्याकडे जाणारे पर्यटक मात्र बहुधा न थांबताच पुढे जात. याच पिंगुळीत गुढीपूर नावाची वाडी आहे. ठाकर समाजाची ही वस्ती चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या या तीन कलांचे महाराष्ट्रातील प्रमुख ठिकाण मानली जाते. गावगाड्याच्या कडेला राहिलेल्या आणि दारोदार फिरून कला दाखवणाऱ्या कुटुंबांची ही वाडी होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस येथील पोथ्या पेटाऱ्यांत बंद पडू लागल्या होत्या. २००६ मध्ये एका कुटुंबाने आपल्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभारले आणि २०२१ मध्ये त्याच कुटुंबप्रमुखाला ‘पद्मश्री’ मिळाली. या दोन घटनांमुळे गुढीपूरचे नाव सर्वदूर गेले. मात्र वाडीचा इतिहास या दोन तारखांहून पुष्कळ जुना आहे, आणि तिचे प्रश्न त्यांच्या पुढेही चालू राहिले आहेत.

ठाकर समाज आणि त्याच्या कला

ठाकर म्हटले की महाराष्ट्रातील वाचकाच्या डोळ्यांसमोर बहुधा कर्जत, मुरबाड, शहापूर, अकोले, इगतपुरी या डोंगरपट्ट्यातील आदिवासी ठाकर येतात. सह्याद्रीच्या रानात राहणारे, शेती आणि वनोपजावर गुजराण करणारे हे लोक होत. सिंधुदुर्गातील ठाकरांचे जीवन वेगळ्या वळणाने गेले. ते गावाच्या आसपास वाड्या करून राहिले आणि थोडीबहुत शेती, मोलमजुरी व कलेची फिरती यांवर त्यांनी पोट भरले. पावसाळ्यात वाडीवर मुक्काम, शेतीची कामे. भात कापणीला आले, देवळांचे उत्सव सुरू झाले की पोथ्या आणि बाहुल्यांची पेटी खांद्यावर घेऊन गावोगाव, असा या जीवनाचा क्रम होता. त्यामुळे वर्षाचा मोठा काळ वाडीतील कर्ती माणसे बाहेर असत आणि घरी म्हातारीकोतारी, बायका व मुले राहत.

त्यांच्या कला अनेक आहेत. चित्रे दाखवून कथा सांगणारा चित्रकथी, दोऱ्यांवर लाकडी बाहुल्या नाचवणारा कळसूत्रीवाला, पडद्यामागे दिवा लावून चामड्याच्या बाहुल्यांची सावली खेळवणारा, सजवलेला बैल घेऊन दारी येणारा पांगुळबैलवाला, शिमग्यात राधा नाचवणारा, गोंधळ घालणारा. ही सारी सोंगे आणि हत्यारे एकाच समाजाच्या, पुष्कळदा एकाच कुटुंबाच्या हाती असत. हंगाम, गाव आणि प्रसंग पाहून कोणती कला बाहेर काढायची ते ठरे. शिमग्यात कोणी रामायणाची पोथी उलगडून बसत नसे, आणि नवरात्रात देवळात राधा नाचत नसे. कलांची ही विविधता पुढे या समाजाला एका अनपेक्षित ठिकाणी अडचणीची ठरली. त्याचा विचार पुढे येईल.

संस्थानचा आश्रय

कुडाळ आणि पिंगुळी हा मुलूख सावंतवाडी संस्थानात मोडत असे, तर मालवणची किनारपट्टी ब्रिटिशांच्या रत्नागिरी जिल्ह्यात होती. अंतर थोडे असले तरी राज्यकारभार निराळा होता. चित्रकथी पिंगुळीत रुजली आणि टिकली याचे एक कारण या सीमेत आहे. सावंत-भोसले घराण्याने कलावंतांना आश्रय दिला. सावंतवाडीची लाकडी खेळणी, लाखकाम आणि गंजिफा याच आश्रयावर वाढली. ठाकर कलावंतांना संस्थानने देवळे नेमून दिली होती, असे समाजात परंपरेने सांगितले जाते. अमुक घराण्याने अमुक गावाच्या देवळात उत्सवात चित्रकथीचा जागर करायचा आणि त्याबद्दल धान्य, नारळ, मानाचा वाटा घ्यायचा. दुसऱ्या घराण्याने त्या देवळात पोथी उघडायची नाही. हा हक्क बापाकडून मुलाकडे जाई. आज ज्याला कलावंताचे ‘मानधन’ म्हणतात त्यापेक्षा ही व्यवस्था वेगळी होती. तिच्यात पैसा कमी होता. बोलावणे मात्र निश्चित असे.

शिवकाळात ठाकर कलावंत हेरगिरी करीत, फिरस्ता कलावंत कोठेही शिरू शकत असल्याने किल्ल्यांच्या बातम्या आणीत, ही कथाही वाडीत आवर्जून सांगितली जाते. मौखिक परंपरेतील ही आठवण आहे. समाजाला आपल्या पूर्वजांच्या फिरतीकडे कसे पाहावेसे वाटते, हे तिच्यातून कळते.

१९४८ मध्ये सावंतवाडी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि हा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात गेला. पुढे १ मे १९८१ रोजी रत्नागिरीचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. विलीनीकरणानंतर दरबाराचा आधार संपला. देवळांचे नेम काही ठिकाणी चालू राहिले, काही ठिकाणी हळूहळू सुटले.

पोथीची रचना

चित्रकथीच्या चित्रसंचाला ‘पोथी’ म्हणतात. एका पोथीत एक आख्यान असते. रामायणातील, महाभारतातील किंवा पुराणातील एखादा प्रसंग घेऊन त्याची क्रमवार चित्रे काढलेली असतात. चित्रे सुटी असतात, मोठ्या वहीच्या पानाएवढी. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवली जातात. त्यामुळे कागदाला बळकटी येते आणि कथा सांगताना एक बाजू दाखवून झाली की पान उलटून लगेच पुढचा प्रसंग समोर ठेवता येतो. मुख्य कथेकरी पोथी समोर टेकवून बसतो, हातात वीणा असते. साथीला हुडुक आणि टाळ असतात. गणेशवंदना होते, मग एकेक पान उभे राहते. कथेकरी बोटाने पात्र दाखवतो, गातो, मध्येच गद्यात बोलतो, साथीदार प्रश्न विचारतात, त्यावर उत्तर येते आणि कथा पुढे सरकते.

चित्रांची भाषा ठसठशीत आहे. माणसे बहुधा एका बाजूने दिसणारी, डोळे मोठे, हालचाल हातांच्या आणि बोटांच्या ठेवणीतून व्यक्त होणारी. वीर, राक्षस, ऋषी, राणी यांचे चेहरे आणि मुकुट ठरलेले असल्याने लांबून बसलेल्या माणसालाही कोण कोण आहे ते कळते. पार्श्वभूमी जवळजवळ मोकळी सोडलेली असते. चित्र दिव्याच्या उजेडात पाहिले जाणार आहे, ही जाणीव त्या मोकळेपणात आहे. माती, दगड, पाने, फुले यांपासून केलेले तांबडे, पिवळे, करडे, काळे रंग जुन्या पानांवर दिसतात. कर्नाटक-आंध्रातील चामड्याच्या बाहुल्यांशी या आकृत्यांचे नाते अभ्यासकांना जाणवले आहे. गुढीपुरात एकच हात कागदावर चित्र काढीत असे आणि चामड्यावर बाहुली कोरीत असे, हे लक्षात घेतले तर त्याचे नवल वाटत नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घेणे आवश्यक आहे. पोथीतील सुटे चित्र हे पूर्ण चित्र नव्हे. त्याचा अर्धा भाग कथेकऱ्याच्या तोंडी असतो. युद्धाच्या एका पानावर दोन रथ समोरासमोर उभे असतात. त्यापुढची पाऊण घटका जे घडते ते सारे शब्दांत आणि वीणेवर घडते. कोणत्या पानावर किती थांबायचे, कोठे हसवायचे, गावातल्या कोणत्या माणसाची नक्कल राक्षसाच्या तोंडी घालायची, हे कोठेही लिहिलेले नसते. ते बापाच्या मागे बसून, टाळ वाजवता वाजवता शिकायचे असते.

जीर्ण झालेली पोथी टाकून देत नसत. तिचे पाण्यात विसर्जन करण्याची प्रथा होती. पोथी देवासारखी पूज्य, म्हणून तिचा शेवटही देवासारखा. या श्रद्धेमुळेच किती जुनी पाने नदीत गेली असतील, हा संग्राहकांना चुटपूट लावणारा विचार आहे.

लाकूड, चामडे आणि सावली

कळसूत्री बाहुल्या हलक्या लाकडात कोरलेल्या असतात. रंगवलेले चेहरे, वर बांधलेले दोरे, खाली रंगीत वस्त्र. राजस्थानच्या कठपुतळीशी त्यांची तुलना होते, पण पिंगुळीच्या बाहुलीचा तोंडवळा दशावताराच्या आणि चित्रकथीच्या जवळचा आहे.

चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ त्याहून दुर्मीळ. महाराष्ट्रात छायाबाहुल्यांची परंपरा पिंगुळीतच टिकून राहिली. कातडे भिजवून, खरवडून, ताणून वाळवतात, इतके की त्यातून प्रकाश पार जावा. मग त्यावर आकृती काढून ती कापतात, दागिन्यांच्या आणि वस्त्रांच्या जागी बारीक छिद्रे पाडतात आणि रंग देतात. पांढऱ्या पडद्यामागे तेलाचा दिवा लावला, की त्या छिद्रांतून प्रकाशाचे ठिपके पडद्यावर उमटतात. पूर्वी हरणाचे कातडेही वापरले जाई असे सांगतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो प्रश्न निकालात निघाला आणि बकऱ्याच्या कातड्यावरच काम होऊ लागले. विजेच्या दिव्याने पडदा अधिक उजळ दिसतो, पण तेलाची ज्योत हलते तेव्हा सावलीही श्वास घेतल्यासारखी हलते. तो परिणाम दिव्याच्या गोळ्यातून मिळत नाही.

उतरती कळा

चित्रकथीला ओहोटी लागली ती एका दिवसात नव्हे. संस्थान गेले. ज्या घरांच्या अंगणात खेळ होत, त्या घरांतील माणसे मुंबईला चाकरमानी झाली आणि गावाकडे गणपतीला व शिमग्यालाच येऊ लागली. देवळाच्या उत्सवात दशावतारी नाटके आधीपासूनच लोकप्रिय होती. त्यात पुढे तंबूतला सिनेमा आणि घरोघरचा दूरदर्शन संच यांची भर पडली. रात्रभर एका पानापुढे बसून कथा ऐकण्याची सवय मोडली.

खुद्द वाडीतही बदल झाला. मुले शाळेत जाऊ लागली. दारोदार फिरणे म्हणजे भीक मागणे, असे इतरांनी म्हटलेले शब्द त्यांच्या कानी येऊ लागले. ज्या बापाने नेमाच्या देवळात मान घेतला, त्याच्या मुलाला वर्गात त्याच कामावरून हिणवले गेले, तर त्याने पोथी हाती का घ्यावी? अनेक घरांत पोथ्या माळ्यावर गेल्या. काही पाने बाहेरच्या संग्राहकांना विकली गेली. कलेचा ऱ्हास म्हणून आपण ज्याची हळहळ करतो, ती त्या मुलांच्या दृष्टीने एका अपमानातून सुटका होती. ही बाजू चित्रकथीवरील गौरवपर लेखांत सहसा येत नाही.

अभ्यासकांचे लक्ष

चित्रे दाखवून कथा सांगणारे लोक फार पूर्वीपासून होते. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात अशा कथनाचा निर्देश असल्याचे अभ्यासक दाखवतात. आधुनिक काळात या चित्रांकडे लक्ष गेले ते प्रथम घाटावर. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे संस्थापक दिनकर गंगाधर केळकर यांनी जमवलेल्या वस्तूंत अशा चित्रांचा मोठा संच आहे. ती पैठण परिसरातील म्हणून ‘पैठण शैली’ हे नाव रूढ झाले. १९७० आणि १९८० च्या दशकांत परदेशी अभ्यासकांनी या चित्रांवर लिहिले. अ‍ॅना डालापिकोला यांचा पैठण चित्रांवरील जर्मन ग्रंथ १९८० मध्ये आला. व्हॅलेंटिना स्टाखे-रोझेन यांनी पिंगुळीतील चित्रकथनावर लेखन केले. पैठणला चित्रे सापडत होती, मात्र ती दाखवणारा कथेकरी भेटणे कठीण झाले होते. पिंगुळीत चित्र आणि कथेकरी दोन्ही एकाच ओसरीवर होते, हे या वाडीचे वेगळेपण त्यामुळे ठळक झाले. चित्रपट दिग्दर्शक मणी कौल यांनी १९७७ मध्ये ‘चित्रकथी’ याच नावाचा माहितीपट केला. गणपत सखाराम मसगे यांच्यासारख्या ज्येष्ठ कलावंतांची नावे याच काळापासून कलाक्षेत्रात परिचित झाली.

अभ्यासकांमुळे नाव झाले, पण पोट भरले नाही. दिल्ली-मुंबईच्या महोत्सवांचे बोलावणे वर्षाकाठी एखादे येई. गाव जागेवरच होता आणि त्याला पोथी नको होती.

शेजारच्या सावंतवाडीत याच सुमारास वेगळा प्रयोग चालू होता. गंजिफाचे पत्ते रंगवणारा जुन्या पिढीतील चितारी जवळजवळ एकटाच उरला असता, शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी राजवाड्यातच लाखकामाचे केंद्र सुरू केले. स्वतः राणीसाहेब हे काम शिकल्या आणि तरुणांना शिकवू लागल्या. ती परंपरा त्यामुळे तगली. राजवाड्याच्या दरबार सभागृहात बसून आजही पत्ते रंगवले जातात. गुढीपूरला असा राजवाडा नव्हता. तेथे जे करायचे ते घराच्या आवारातच करणे भाग होते.

गोठ्यातले कलाअंगण

परशुराम विश्राम गंगावणे यांनी हा मार्ग पत्करला. वडील विश्राम यांच्याकडून त्यांनी चित्रकथी आणि बाहुल्यांचा खेळ घेतला होता. कलेचे उत्पन्न तुटपुंजे असतानाही त्यांनी ती सोडली नाही. २००६ मध्ये घरच्या गुरांच्या गोठ्याचे रूपांतर त्यांनी संग्रहालयात केले आणि ‘ठाकर आदिवासी कलाअंगण’ उभे राहिले. जुन्या पोथ्यांची पाने, लाकडी व चामड्याच्या बाहुल्या, वाद्ये, घरगुती वापराच्या वस्तू तेथे मांडण्यात आल्या. एकनाथ आणि चेतन हे त्यांचे पुत्र याच कामात आले.

या संग्रहालयाची खरी किमया मांडणीपेक्षा दिशेत आहे. पिढ्यान्‌पिढ्या गुढीपूरचा कलावंत प्रेक्षकाच्या दारी जात होता. २००६ नंतर प्रेक्षक गुढीपूरच्या दारी येऊ लागला. ज्याला पूर्वी अंगणात उभे राहून ‘खेळ दाखवू का’ असे विचारावे लागे, तो आता आपल्या अंगणात पाहुण्याला बसायला सांगू लागला. वाडीतील पुढच्या पिढीच्या मनातला संकोच कमी होण्यास शाळांतील कोणत्याही धड्यापेक्षा हा बदल अधिक कारणीभूत झाला असावा.

काळही अनुकूल होता. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला होता. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली आणि कुडाळ स्थानकातून पिंगुळी हाकेच्या अंतरावर आली. तारकर्ली, मालवण, वेंगुर्ले येथे पर्यटकांचा ओघ वाढला. समुद्र पाहून झाल्यावर काय पाहायचे, या प्रश्नाला गुढीपूर हे एक उत्तर मिळाले. शाळा-महाविद्यालयांच्या सहली, वास्तुकला आणि कला शाखेचे विद्यार्थी, परदेशी प्रवासी येऊ लागले. बाहुल्यांच्या खेळांतून स्वच्छता, पर्यावरण, व्यसनमुक्ती असे विषय मांडले गेले आणि सरकारी प्रचारमोहिमांनाही कलावंत लागू लागले. प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला, २५ जानेवारी २०२१ रोजी, परशुराम गंगावणे यांना ‘पद्मश्री’ जाहीर झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात राष्ट्रपती भवनात ती प्रदान करण्यात आली. मधल्या काळात करोनामुळे देवळांचे उत्सव आणि पर्यटन दोन्ही ठप्प होते. सन्मान आला तेव्हा अंगण रिकामे होते, असा हा योग.

दाखल्याचा प्रश्न

संग्रहालयाच्या नावात ‘आदिवासी’ हा शब्द आहे, तो सहज आलेला नाही. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ४४ व्या क्रमांकावर ठाकूर, ठाकर, का ठाकूर, का ठाकर, मा ठाकूर, मा ठाकर या जमाती आहेत. पूर्वी ही यादी ठाणे, कुलाबा, नाशिक, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतील ठरावीक तालुक्यांपुरती होती. तिच्यात रत्नागिरी जिल्हा नव्हता, म्हणजे कुडाळ-सावंतवाडीचे ठाकर तिच्या बाहेर होते. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने हे क्षेत्रबंधन काढले. तो कायदा २७ जुलै १९७७ पासून अमलात आला आणि सिंधुदुर्गातील ठाकरांना जमातीच्या सवलती मिळण्याचा मार्ग खुला झाला.

मार्ग खुला झाला, पण सरळ झाला नाही. जमातीचा दाखला मिळाला तरी तो पडताळणी समितीकडून वैध ठरावा लागतो. या पडताळणीत कागदोपत्री पुराव्याबरोबर ‘आप्तभाव चाचणी’ही येते. अर्जदाराच्या कुटुंबाच्या चालीरीती, देव, सण, बोली, व्यवसाय हे जमातीच्या नोंदलेल्या लक्षणांशी जुळतात का, हे तीत तपासले जाते. १९९४ च्या माधुरी पाटील प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ही पद्धत पक्की झाली आणि २००१ पासून राज्याचा स्वतंत्र कायदा लागू झाला. नोंदलेली लक्षणे मुख्यतः डोंगरपट्ट्यातील ठाकरांची होती. सिंधुदुर्गाचा ठाकर मात्र बाहुल्या नाचवतो, पोथी सांगतो, बैल घेऊन फिरतो. त्यातच आणखी एक गुंता असा, की चित्रकथी, पांगुळ, गोंधळी ही नावे राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत स्वतंत्र जाती म्हणून आहेत. ज्या कलांमुळे समाजाची ओळख सांगितली जाते, त्याच कलांवरून तो समाज दुसऱ्या यादीतला ठरवला जाण्याचा धोका येथे होता. अनेक कुटुंबांचे दावे वर्षानुवर्षे रेंगाळले, काही फेटाळले गेले. त्यांत शिक्षणातील प्रवेश आणि नोकऱ्या अडकल्या.

‘महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समिती’च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ रोजी दिलेला निकाल या दृष्टीने महत्त्वाचा आहे. आप्तभाव चाचणी ही दाव्याचा निर्णायक निकष ठरू शकत नाही, स्थलांतर, शिक्षण आणि आधुनिक जीवनामुळे जुनी लक्षणे पुसट होऊ शकतात, हे तत्त्व न्यायालयाने स्पष्ट केले. गुढीपूरच्या पुनरुज्जीवनाची चर्चा करताना संग्रहालयाचे फोटो छापले जातात. वाडीतील मुलामुलींच्या भवितव्यावर मात्र या निकालाचा परिणाम एखाद्या महोत्सवाहून अधिक होणार आहे.

अन्य वस्त्यांचे अनुभव

उपेक्षित समाजाची वस्ती तिच्या कलेमुळे प्रसिद्धीस येते, तेव्हा पुढे काय होते याचे निरनिराळे दाखले आहेत. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराचा त्रेमे हा भाग कृष्णवर्णीयांच्या सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी एक मानला जातो. तेथील मिरवणुका आणि बँडचे संगीत जगप्रसिद्ध आहे. १९६० च्या दशकात या वस्तीच्या क्लेबर्न अ‍ॅव्हेन्यू या मुख्य रस्त्यावरील ओकची जुनी झाडे तोडून त्यावरून उन्नत महामार्ग नेण्यात आला. पुढे, २००५ च्या कॅटरिना वादळानंतर, घरांच्या किमती आणि भाडी वाढली आणि ज्यांच्या संगीतासाठी लोक येत त्या वादकांनाच तेथे राहणे परवडेनासे झाले. दिल्लीच्या शादीपूर भागात राजस्थानी कळसूत्रीवाल्यांनी आणि इतर फिरस्त्या कलावंतांनी वसवलेली कठपुतली कॉलनी २०१७ मध्ये पुनर्विकासासाठी पाडण्यात आली. कुटुंबे संक्रमण शिबिरात गेली.

पश्चिम बंगालमधील अनुभव अधिक आशादायक आहे. पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यात पिंगला नावाचा भाग आहे. पिंगुळीशी हे नामसाधर्म्य केवळ योगायोगाचे. तेथील नया गावात पटुआ कलावंत चित्रपट उलगडत गाणे म्हणतात. धर्माने मुसलमान असून ते रामायण आणि मनसादेवीच्या कथा गातात. २०१० पासून गावातच वार्षिक उत्सव भरू लागला आणि घराघराच्या भिंती चित्रांनी भरल्या. विक्रीचा पैसा अनेक घरांत आला, स्त्रियाही मोठ्या संख्येने चित्रकार झाल्या. ओडिशातील रघुराजपूरलाही २००० मध्ये वारसा-गावाचा दर्जा मिळाल्यावर असाच लाभ झाला.

या दोन गावांच्या मानाने गुढीपूरचे पुनरुज्जीवन फार थोड्या घरांवर उभे आहे. एका कुटुंबाच्या चिकाटीने जे साधले ते मोठेच आहे. मात्र वाडीत राहणारी इतर घरे प्रेक्षकांच्या वाटेवर कशी येतील, हा प्रश्न त्या एका कुटुंबाने सोडवावा अशी अपेक्षा करणे योग्य नाही. पर्यटन खात्याच्या पत्रकांत नाव छापण्यापलीकडे, कलावंत घरांना नियमित खेळांचे काम, कागद-रंग-कातड्याचा पुरवठा आणि जिल्ह्यातील शाळांत शिकवण्याची संधी या साध्या गोष्टींची व्यवस्था करणे शक्य आहे.

पोथी की चित्र

चित्रकथीची चित्रे आज कापडी पिशव्या, साड्या, भिंती आणि दिवाणखान्याच्या चौकटी यांवर दिसतात. रेषा तीच, रंग अधिक उजळ. पाहणाऱ्याला ती आवडतात आणि एका चित्राला जी किंमत मिळते ती जुन्या काळी रात्रभराच्या कथेला मिळत नव्हती. साहजिकच तरुण हात चित्राकडे वळतात. चित्र काढायला काही महिन्यांत शिकता येते, अख्खी पोथी सांगायला वर्षे लागतात. एक पान भिंतीवर लागले की ते पूर्ण झाले, असे विकत घेणाऱ्याला वाटते. त्याच्या आधीचे आणि नंतरचे पान कोणते, हे विचारणारे थोडेच.

पाहुण्यांसाठी होणारा खेळही आटोपशीर असतो. अर्ध्या तासात वंदना, एखादा प्रसंग, बाहुल्यांचा नाच. त्यात गैर काही नाही. रात्रभर बसणारा प्रेक्षकच उरला नाही. परंतु आख्यान अखंड सांगण्याचे निमित्त आता मुख्यतः नेमाच्या देवळांतच मिळते. तेथे ऐकणारे चार-सहा जण का असेनात, कथा तोडता येत नाही, कारण ती देवापुढे सांगायची असते. संपूर्ण पोथ्यांचे ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण, जुन्या शब्दांची आणि चालींची नोंद, हे काम ज्येष्ठ कथेकऱ्यांच्या हयातीतच व्हावे लागेल. चित्रे संग्रहालयात राहू शकतात. पाऊण घटकेचे ते बोलणे कोणत्याही काचेच्या कपाटात ठेवता येत नाही.

जीर्ण पाने पाण्यात सोडण्याची जुनी रीत आणि तीच पाने जपून ठेवणारे कलाअंगण, या दोन्ही गोष्टी आज एकाच वाडीत आहेत. कलाअंगणात मांडलेल्या पानांपैकी काहींच्या कडा झिजून गेल्या आहेत, मधे दुमडीच्या रेषा आहेत आणि खालच्या कोपऱ्यावर, जेथे कथेकरी बोट लावून पान उलटतो, तेथला रंग पार उडाला आहे.